टेक्सासच्या एका सरकारी तक्त्यात ८.५ हा आकडा आला आणि लाखो पोरांची शाळेतली हक्काची मदत अडकली

११ जानेवारी २०१८. अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याने टेक्सास राज्याला एक पत्र पाठवलं. पंधरा महिन्यांच्या चौकशीचा निकाल त्यात होता. टेक्सासने दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा मोडला, असं खात्याने स्पष्ट लिहिलं होतं.

आता कायदा मोडला म्हणजे काय केलं? एखादी शाळा बंद केली? दिव्यांग मुलांना प्रवेश नाकारला? निधी खाल्ला?

यातलं काहीच नाही. राज्याच्या शिक्षण खात्याने शाळांचं मूल्यमापन करणाऱ्या तक्त्यात एक आकडा टाकला होता. ८.५ टक्के. बास. त्या एका आकड्याने पुढची बारा वर्षं काय केलं, ते आज पुन्हा समजून घ्यायला हवं. कारण टेक्सासला ते पत्र पाठवणारं खातंच २०२५ मध्ये निम्म्यावर आलं.

पण विषय नीट कळायचा तर आधी कायदा काय आहे ते बघावं लागतं.

१९७५ च्या आधी शाळा सरळ 'नाही' म्हणायच्या

अमेरिकेत 'पब्लिक स्कूल' म्हणजे सरकारी, मोफत शाळा. आपल्याकडे नावात 'पब्लिक स्कूल' असलेल्या खासगी शाळा असतात, त्या नव्हे. प्रत्येक भागात स्कूल डिस्ट्रिक्ट नावाची स्थानिक संस्था असते आणि त्या भागातल्या सरकारी शाळा ती चालवते.

१९७० च्या आसपास या शाळांमध्ये पाचपैकी साधारण एकाच दिव्यांग मुलाला शिकायला मिळत होतं. बऱ्याच राज्यांत तर अंध, कर्णबधिर किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शाळेबाहेर ठेवायला कायद्याचीच परवानगी होती. पेनसिल्व्हेनियात नियम असा होता की, पहिलीत येईपर्यंत ज्या मुलाचं 'मानसिक वय' पाच वर्षांचं झालेलं नाही, त्याला शाळा प्रवेश नाकारू शकते.

या नियमाविरुद्ध पालकांची संघटना कोर्टात गेली. १९७१ मध्ये तडजोड झाली आणि राज्याला या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी मान्य करावी लागली.

पुढच्याच वर्षी राजधानी वॉशिंग्टनमध्ये सात मुलांच्या वतीने दुसरी केस लढली गेली. शाळा चालवणाऱ्या बोर्डाचं म्हणणं होतं, पैसेच नाहीत तर कुठून आणायचे? कोर्टाने जे उत्तर दिलं त्याचा दाखला आजही दिला जातो. पैसे कमी असतील तर ती झळ सगळ्यांनी मिळून सोसावी. तिचा जास्तीचा भार दिव्यांग मुलांवर टाकता येणार नाही.

या दोन केसेसनी वाट मोकळी केली. कायदा करताना अमेरिकेच्या संसदेने नोंदवलं की देशात ८० लाखांहून जास्त दिव्यांग मुलं आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि दहा लाख मुलं तर शाळेच्या पूर्ण बाहेर आहेत.

२९ नोव्हेंबर १९७५ ला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी कायद्यावर सही केली. १९९० मध्ये त्याचं नाव बदललं आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सगळे 'आयडिया' म्हणायला लागले.

या कायद्यात मुलाला नेमकं काय मिळतं?

समजा डॅलसमध्ये तिसरीत शिकणारा एक मुलगा आहे. तोंडी विचारलं तर सगळं सांगतो. पण वाचायला बसला की अक्षरं जुळत नाहीत. वर्ग पुढे जातोय, हा मागे राहतोय.

कायदा म्हणतो, पालकांनी दार वाजवायची वाट बघू नका. अशी मुलं शोधणं हीच शाळेची जबाबदारी आहे. याला तिकडे 'चाइल्ड फाइंड' म्हणतात. म्हणजे मूल शोधा. टेक्सासची पुढची सगळी गोष्ट या दोन शब्दांवर फिरते, त्यामुळे ते लक्षात ठेवा.

शाळेला शंका आली की पालकांची लेखी संमती घेऊन तपासणी करायची. त्याचा खर्च पालकांवर नाही. तपासणीत डिस्लेक्सिया, स्वमग्नता, ऐकण्यातला दोष, बोलण्यातली अडचण असं काही निघालं आणि त्यामुळे मुलाला वेगळ्या पद्धतीने शिकवण्याची गरज आहे असं ठरलं, तर बैठक बसते. वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, शाळेचा अधिकारी आणि पालक, सगळे एका टेबलावर. पालक तिथे पाहुणे नसतात, ते त्या समितीचे सदस्य असतात.

या बैठकीत त्या एका मुलासाठी एक लेखी योजना तयार होते. तिला 'आयईपी' म्हणतात. मूल आज कुठे आहे, वर्षभरात कुठे पोचायला हवं, त्यासाठी आठवड्यात किती वेळ विशेष शिक्षक, किती वेळ स्पीच थेरपी, परीक्षेत किती जादा वेळ, हे सगळं त्यात लिहायचं. वर्षातून किमान एकदा ती योजना पुन्हा बघायची.

दुसरा नियम म्हणजे जमेल तितकं मुलाला बाकीच्या मुलांसोबत, त्याच वर्गात शिकवायचं. वेगळ्या खोलीत बसवणं हा शेवटचा उपाय. आज यातली जवळपास दोन तृतीयांश मुलं शाळेचा ८० टक्क्यांहून जास्त वेळ नेहमीच्या वर्गातच असतात.

आणि शाळा ऐकत नसेल तर? पालक राज्याकडे तक्रार करू शकतात, मध्यस्थी मागू शकतात, सुनावणी मागू शकतात आणि शेवटी कोर्टात जाऊ शकतात.

मुलाला किती मदत मिळाली म्हणजे ती पुरेशी, हा वाद थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९८२ मध्ये एका कर्णबधिर मुलीच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं, मुलाला काही तरी शैक्षणिक फायदा होत असेल तर शाळेने जबाबदारी पार पाडली. ३५ वर्षांनी, २०१७ मध्ये कोलोरॅडोतल्या एका स्वमग्न मुलाची केस आली. तेव्हा सगळ्या न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की नावापुरती प्रगती चालणार नाही. त्या मुलाची परिस्थिती बघून त्याला झेपेल पण दमवेल असं ध्येय ठेवायला हवं.

२०२२-२३ मध्ये या कायद्याखाली सुमारे ७५ लाख मुलांना सेवा मिळत होती. सरकारी शाळांतल्या एकूण विद्यार्थ्यांच्या १५ टक्के. म्हणजे तीस पोरांच्या वर्गात सरासरी चार-पाच पोरं.

मग गाडी अडते कुठे? तर पैशावर

१९७५ मध्ये केंद्राने शब्द दिला होता. एका विद्यार्थ्यामागे देशात सरासरी जो खर्च होतो, त्याच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यासाठी केंद्र जादा देईल.

सही करतानाच फोर्ड यांनी बजावलं होतं की, केंद्राला जेवढं देणं शक्य आहे त्यापेक्षा जास्त आश्वासन या कायद्यात आहे. ते खरं ठरलं. पन्नास वर्षांत ४० टक्के एकदाही आले नाहीत. अलीकडे केंद्राकडून वर्षाला साधारण १४ अब्ज डॉलर येतात, पण टक्केवारीत तो हिस्सा १५ च्याही खालीच आहे.

उरलेला सगळा भार राज्य आणि स्थानिक डिस्ट्रिक्टवर. एका मुलाला दिवसभर मदतनीस हवा, दुसऱ्याला सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा, तिसऱ्याला ब्रेलमधली पुस्तकं हवीत. हे सगळं महाग असतं. आणि पैसे नाहीत म्हणून नकार द्यायची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

म्हणजे एखाद्या राज्याला खर्च कमी करायचा असेल, तर उघडपणे मदत नाकारता येत नाही. मग उरतो एकच मार्ग. मदतीची गरज असलेलं मूल सापडलंच नाही तर?

आणि टेक्सासने नेमकं तेच केलं

२००३ मध्ये टेक्सास सरकारच्या तिजोरीत खडखडाट होता आणि शिक्षणाच्या बजेटला मोठी कात्री लागली होती. २००४ मध्ये टेक्सास एज्युकेशन एजन्सीने, म्हणजे तिथल्या राज्य शिक्षण खात्याने, डिस्ट्रिक्टवर देखरेख ठेवायची नवी पद्धत आणली. वेगवेगळ्या निकषांवर प्रत्येक डिस्ट्रिक्टला गुण द्यायचे. ज्याचे गुण वाईट, त्याची जास्त तपासणी, त्याने सुधारणेचा आराखडा द्यायचा.

त्या निकषांत एक ओळ होती, 'एकूण विद्यार्थ्यांपैकी किती टक्के विद्यार्थी विशेष शिक्षणात आहेत?' साडेआठ टक्के किंवा त्याहून कमी असतील तर उत्तम. त्याच्या वर जितके जाल तितके गुण वाईट.

तेव्हा टेक्सासमध्ये हे प्रमाण बारा टक्क्यांच्या जवळ होतं. देशाची सरासरी त्याहून थोडी जास्त. मग साडेआठ कुठून आलं? याला कुठल्याही संशोधनाचा आधार नव्हता, असं पुढे 'ह्यूस्टन क्रॉनिकल' या दैनिकाच्या शोधबातमीत समोर आलं.

यामागे मांडता येईल असं एक कारण होतं, तेही बघायला हवं. अमेरिकेत गरज नसताना मुलांवर, विशेषतः कृष्णवर्णीय मुलांवर, विशेष शिक्षणाचा शिक्का मारून त्यांना बाजूला बसवण्याचा जुना इतिहास आहे. त्यामुळे आकडा फार वाढतोय का, यावर लक्ष ठेवणं चुकीचं नाही. पण लक्ष ठेवणं वेगळं आणि सगळ्या राज्याला एकच आकडा गाठायला लावणं वेगळं. कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये किती मुलांना अडचण आहे, हे मुलांना तपासल्यावर कळतं. इथे उत्तर आधीच ठरलं होतं.

ही मर्यादा आहे, असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. वरून गुण लागणार म्हटल्यावर खालच्या माणसाला काय करायचं ते बरोबर कळतं.

पालक तपासणी मागायला आले की त्यांना वेगवेगळी उत्तरं मिळायला लागली. आधी वर्गात जादा सराव घेऊन बघू, सहा महिन्यांनी ठरवू. डिस्लेक्सिया आहे ना, मग त्यासाठी वेगळा कार्यक्रम आहे, आयईपी कशाला? दुसऱ्या एका कायद्याखाली परीक्षेत जादा वेळ देतो, तेवढं पुरेसं आहे. घरी इंग्रजी बोलत नाही ना, मग भाषेमुळे मागे पडत असेल.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर चूक वाटत नाही. वर्गात जादा सराव चांगलाच असतो. गोची अशी होती की या गोष्टी मुलाला तपासणीपर्यंत पोचवण्याऐवजी तपासणीपासून लांब ठेवायला वापरल्या गेल्या. केंद्राच्या २०१८ च्या पत्रात नेमका हाच आक्षेप होता.

डॅलसच्या त्या तिसरीतल्या मुलाला इथे आणून बघा. २००९ मध्ये तो तिसरीत असेल, तर त्याला 'थोडं थांबू' सांगितलं गेलं असण्याची दाट शक्यता होती. चौथीत पुन्हा तेच. पाचवीत वाचन येत नाही म्हणून गणितातली शाब्दिक उदाहरणंही सुटेनात. सातवीत 'मुलगा अभ्यासच करत नाही' असा शेरा. २०१६ मध्ये ही बातमी फुटली तेव्हा तो दहावीत होता.

हळूहळू टक्केवारी खाली आली. २०१५ पर्यंत टेक्सासचं प्रमाण बरोबर ८.५ वर पोचलं होतं. देशातल्या सगळ्या राज्यांत सर्वात कमी. देशाची सरासरी तेव्हा १३ टक्क्यांच्या आसपास होती.

बारा वर्षांनी बिंग फुटलं

सप्टेंबर २०१६ मध्ये 'ह्यूस्टन क्रॉनिकल'ने ही मालिका छापायला सुरुवात केली. दैनिकाने साधा हिशेब मांडला. टेक्सासमध्ये देशाच्या सरासरीइतक्या मुलांना सेवा मिळत असत्या, तर आणखी सुमारे अडीच लाख मुलांना त्या मिळाल्या असत्या.

राज्याच्या शिक्षण खात्याने सुरुवातीला हात झटकले. ही मर्यादा नव्हती, फक्त एक निर्देशांक होता आणि शिकवण्याच्या चांगल्या पद्धतींमुळे आकडा कमी झाला, असं त्यांचं म्हणणं. पण पुढच्याच महिन्यात केंद्रीय शिक्षण खात्याने राज्याकडे खुलासा मागितला. डिसेंबरमध्ये केंद्राचे अधिकारी टेक्सासमध्ये शहरोशहरी बसले आणि पालकांचं म्हणणं ऐकून घेतलं. २०१७ मध्ये डिस्ट्रिक्टमध्ये जाऊन कागद तपासले.

त्याच वर्षी टेक्सासच्या विधिमंडळाने असा टक्केवारीचा निकष लावायलाच बंदी घालणारा कायदा केला. आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्राचं ते पत्र आलं. राज्याने मुलं शोधली नाहीत, सगळ्या दिव्यांग मुलांना योग्य शिक्षण मिळेल हे पाहिलं नाही आणि डिस्ट्रिक्टवर नीट देखरेखही ठेवली नाही, हे त्यातले मुद्दे होते.

आकडा काढून टाकल्यावर काय झालं? २०१६-१७ मध्ये टेक्सासमध्ये विशेष शिक्षण घेणारे विद्यार्थी पाच लाखांच्या आत होते. २०२२-२३ पर्यंत ते सात लाखांच्या पुढे गेले. सहा वर्षांत टेक्सासमध्ये अचानक दोन लाख मुलं दिव्यांग झाली नाहीत. ती आधीपासून वर्गातच बसलेली होती.

नंतरही सगळं सुरळीत झालं नाही. सुधारणा अपुरी आहे, असं केंद्राने पुढेही टेक्सासला कळवलं. मुलं सापडली तर त्यांना तपासायला मानसशास्त्रज्ञ आणि शिकवायला विशेष शिक्षक पुरेसे नाहीत, ही नवी अडचण उभी राहिली.

आता २०२५ मध्ये काय झालं?

११ मार्च २०२५ ला अमेरिकेच्या शिक्षण खात्याने जवळपास निम्मे कर्मचारी कमी करत असल्याची घोषणा केली. चार हजारांवरून ही संख्या दोन हजारांच्या थोडी वर येणार होती. २० मार्चला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी खातं बंद करण्याच्या दिशेने पावलं टाकायचा आदेश काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की विशेष गरजा असलेल्या मुलांचं काम आरोग्य खात्याकडे जाईल.

शाळेतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणारं एक नागरी हक्क कार्यालय या खात्यात आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या तक्रारी हा तिथल्या कामाचा मोठा हिस्सा असतो. त्याच्या बारा विभागीय शाखांपैकी सात बंद करायचं ठरलं. त्यातली एक डॅलसची होती. टेक्सासच्या तक्रारी तीच बघायची.

मे महिन्यात एका केंद्रीय न्यायाधीशाने कपात थांबवली. १४ जुलैला सुप्रीम कोर्टाने ती स्थगिती उठवली आणि कपातीला वाट मोकळी झाली.

ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचं सरकारी कामकाज ठप्प झालं होतं. त्या काळात आणखी नोटिसा निघाल्या. कर्मचारी संघटनेच्या म्हणण्यानुसार, यावेळी विशेष शिक्षण बघणाऱ्या विभागातली जवळपास सगळी माणसं यादीत होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टाने त्या नोटिसा रोखल्या. १२ नोव्हेंबरला कामकाज पुन्हा सुरू करणारं जे विधेयक मंजूर झालं, त्याने या नोटिसा मागे घ्यायला लावल्या. पण तेही ३० जानेवारी २०२६ पर्यंतच्या मुदतीपुरतं.

या सगळ्यात कायद्याचं एक अक्षरही बदललं नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. आयडिया कायदा रद्द करायचा तर ते फक्त संसद करू शकते. निधीही संसद मंजूर करते. सोशल मीडियावर 'अमेरिकेने दिव्यांगांचं शिक्षण बंद केलं' अशा पोस्ट फिरल्या, त्या चुकीच्या आहेत. शाळा चालू आहेत, आयईपी चालू आहेत, विशेष शिक्षकांचा पगार बहुतांश राज्य आणि डिस्ट्रिक्टच देतात.

कात्री लागली ती राज्यांचे आकडे बघणाऱ्या, शंका आली की प्रश्न विचारणाऱ्या आणि गरज पडली तर टेक्सासमध्ये जाऊन फायली उघडणाऱ्या माणसांना.

समोरच्या बाजूचं म्हणणं काय?

कपातीच्या समर्थकांकडेही मुद्दे आहेत आणि त्यातले दोन दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत.

पहिला म्हणजे कायदा १९७५ चा आणि स्वतंत्र शिक्षण खातं सुरू झालं १९८० मध्ये. आधीची पाच वर्षं हे काम आरोग्य आणि शिक्षण मिळून असलेलं जुनं खातं बघतच होतं. मग आता ते दुसरीकडे गेलं तर आभाळ कोसळेल का?

दुसरा मुद्दा, केंद्राच्या नियमांमुळे कागदपत्रं एवढी वाढलीत की विशेष शिक्षकांचा वेळ मुलांपेक्षा फॉर्ममध्ये जातो. तक्रारीही वकील परवडणारे पालकच जास्त लढवू शकतात. निर्णय राज्यांच्या हातात दिले तर काम सोपं होईल, असं त्यांना वाटतं.

टेक्सासच्या गोष्टीतूनच त्यांना आणखी एक आधार सापडू शकतो. २००४ ते २०१६ या काळात केंद्रीय खात्यात पूर्ण माणसं होती. टेक्सासचा घसरता आकडा दरवर्षी त्यांच्यासमोर येत होता. तरीही हललं कोण? एक स्थानिक दैनिक. केंद्र जागं झालं ते बातमी आल्यावर.

हे खरंच आहे. पण बातमी आल्यानंतर काय झालं, तेही बघावं लागतं. बातमीने लोकांना कळलं. राज्याकडून अधिकृत खुलासा मागणं, फायली उघडायला लावणं, कायदा मोडल्याचा निष्कर्ष काढणं आणि त्यावर वर्षानुवर्षं पाठपुरावा करणं, हे दैनिकाला जमणारं नव्हतं. त्याला अधिकार असलेलं खातं लागलं. तो राखणदार उशिरा जागा झाला. म्हणून राखणच काढून टाकली, तर पुढच्या वेळी बातमी आल्यावर कोणाला उठवायचं, याचं उत्तर समर्थकांना द्यावं लागेल.

आणि सगळं राज्यांवर सोडा म्हणताना हेही आठवावं लागतं की ८.५ हा आकडा राज्यानेच ठरवला होता.

यात मराठी घरांचा काय संबंध?

डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन या टेक्सासच्या शहरांमध्ये नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबं बरीच आहेत. त्यांची मुलं तिथल्या सरकारी शाळांत जातात. घरी मराठी, शाळेत इंग्रजी. मूल उशिरा बोलायला लागलं तर 'दोन भाषांमुळे होतंय, बोलेल हळूहळू' असं घरचेही म्हणतात आणि शाळाही म्हणते. गावाकडून आजीही फोनवर तेच सांगते.

अशा घरांसाठी कायद्यातल्या काही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. निव्वळ इंग्रजी येत नाही म्हणून मुलावर दिव्यांग असा शिक्का मारता येत नाही. पण इंग्रजी येत नाही एवढं सांगून तपासणी टाळताही येत नाही. तपासणी शक्य असेल तिथे मुलाच्या स्वतःच्या भाषेत करायची असते. बैठकीत पालकांना इंग्रजी समजत नसेल तर शाळेने दुभाषी द्यायचा असतो.

पालक एच-वन-बी व्हिसावर आहेत की नागरिक आहेत, यावर मुलाचा हक्क ठरत नाही. कागदपत्रं नाहीत म्हणूनही मुलाला मोफत सरकारी शाळा नाकारता येत नाही. हा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये दिला आणि ती केससुद्धा टेक्सासचीच होती.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे मागणी लेखी करणं. शाळेच्या गेटवर शिक्षकांशी बोललेलं कुठेच नोंदलं जात नाही. टेक्सासमध्ये पालकांनी तपासणीची लेखी मागणी केली, तर शाळेला १५ शालेय दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तपासणी करणार की नाही, आणि नसेल तर का नाही, हे लिहून द्यावं लागतं.

टेक्सासमध्ये बारा वर्षं जे चाललं, ते बहुतेक वेळा तोंडी चाललं होतं. थांबू, बघू, पुढच्या वर्षी. तारीख घातलेला एक अर्ज असेल तर 'बघू' म्हणणाऱ्याला सही करून नकार द्यावा लागतो. आणि सही केलेला नकार पुढे कुठेही नेता येतो.

तो पुढे नेल्यावर तपासायला खुर्चीवर कोणी बसलेलं असेल की नाही, हा प्रश्न आता वॉशिंग्टनमध्ये अडकलाय. २००९ मध्ये तिसरीत असलेला तो मुलगा आज पंचविशीत असेल. केंद्राने २०१८ मध्ये राज्याला आधी डावललेली मुलं शोधून त्यांची भरपाई करायला सांगितलं होतं. तोपर्यंत तो अकरावीत पोचलेला होता.